बोटीवरच्या महालक्ष्म्या

यवतमाळ,
१४ जून

चि. सलीलभावजी यांस शुभदावहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुमच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो, म्हणून लिहायला बसले. तुमचे दादा म्हणाले की, जुनी शिडाची बोट विकून तुम्ही मोठी घेताय. निवृत्तीनंतर वर्षभर बोटीवर राहायची हौस आम्ही समजून घेतली. वाटलं, हौस फिटली की गोवा सोडून घरी याल. आता मोठी बोट म्हणजे येणं नाहीच, असंच ना?

मी रागावले आहे, ते आधी सांगते. माझ्या गुडघ्यांनी हात टेकलेत. भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करायच्या, सोळा भाज्या, पुरण, पंगती, हे यंदा माझ्याने होणार नाही. आमच्या प्रेरणाला तिच्या सासरच्या आहेत. सासूबाईंनी त्या माझ्या ओटीत घातल्या, मी तुमच्या स्पृहाच्या घालणार होते. आता आपल्या महालक्ष्म्या बसणार कुठे, ते तुम्हीच सांगा.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावं.

तुमची,
शुभदावहिनी

गोवा,
२५ जून

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

पाकीट पावसात भिजून आलं, तरी चटका बसला. हो, आम्ही परत येत नाही. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. पण सकाळी चहाचा कप घेऊन नदीवर बसलं की मला दुसरं काही मागावंसंच वाटत नाही.

जुन्या बोटीत स्पृहा वर्षभर वाकून स्वयंपाक करते आहे आणि माझ्या टाळूला कायमचं टेंगूळ आहे. नव्या बोटीत ताठ उभं राहता येतं. बघायला गेलो तेव्हा विकणारा शिडं न् इंजिन दाखवत होता, आणि ही टेप लावून आतल्या खोलीची उंची मोजत होती. विचारलं तर म्हणाली की, धान्याच्या कोठ्यांवर मुखवटे ठेवल्यावर महालक्ष्म्या इथे मावतील का ते बघते आहे. वहिनी, मी तिला काहीही सुचवलं नव्हतं. पावसाळ्यात बोट धक्क्याला बांधलेली असते, कुठे जात नाही. आमच्याकडे द्याल?

दादांना नमस्कार. रागासकट लोभ असू द्यावा.

आपला,
सलील

यवतमाळ,
१० जुलै

चि. भावजींस आशीर्वाद.

घराला उंबरठा नाही, खाली पाणी, ऐन आरतीत देवी डुलल्या तर काय? सगळ्या शंका गुरुजींपुढे मांडल्या. त्यांनी एवढंच विचारलं की, तिथे रोज चूल पेटते का, संध्याकाळी दिवा लागतो का. मग ते घरच, म्हणाले. तुमचे दादा लगेच राजी झाले. मला पचायला आठवडा लागला.

मुखवटे मी कुरिअरने धाडणार नाही. स्पृहाने स्वतः येऊन ओटीत घेऊन जावं. आर्णीची तूरडाळही देते. तुम्ही मात्र येऊ नका. तेव्हा मला रडू येणार, आणि तुमच्यादेखत रडायची सोय नाही, लगेच चेष्टा करता.

लोभ वाढावा, चेष्टा कमी व्हावी.

वहिनी

गोवा,
४ सप्टेंबर

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

महालक्ष्म्या आल्या, राहिल्या, काल गेल्या. धक्क्यावरून बोटीत यायला एक फळी आहे. ती पावसाने ओली. स्पृहा मुखवट्यांचं ताट घेऊन अनवाणी पुढे, मी जीव मुठीत धरून थाळी वाजवत मागे. शेजारच्या बोटीवरची फ्रेंच बाई सवाष्ण होती. तिने आंबील पुन्हा पुन्हा मागून घेतली. आरतीच्या वेळी बोट हललीच. दोघींचे पदर झुलले, बाकी काही नाही.

पण दिवसभर मनात येत होतं की, यवतमाळला आज वहिनी काय करत असतील? तुमच्याकडून काही हिसकावून आणल्यासारखं वाटतं आहे. खरं काय ते लिहा.

लोभ आहे तसाच राहावा.

सलील

यवतमाळ,
१२ सप्टेंबर

चि. भावजींस आशीर्वाद.

खरं लिहिते. सकाळी ती रिकामी जागा पाहून मी खूप रडले. तेवढ्यात शेजारच्या इंदुताई आल्या. म्हणाल्या की, कायले रडून राह्यली वं, आमच्या इथं एक सवाष्ण कमी हाय, जेवाले चाल. आजवर त्या दिवशी मला कुणाकडे जाताच आलं नव्हतं, घरचंच असायचं.

त्यांनी माझे पाय धुतले, पहिल्या पंगतीला बसवलं. पोळी तव्यावरून थेट पानात आली, वर तुपाची धार. भावजी, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, दिवस कलताना, गारढोण पोळी खात आले. महालक्ष्मीची पुरणपोळी गरम असताना कशी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. तीन खाल्ल्या. घरी येऊन पंखा लावून झोपले ते दिवेलागणीला दादांनी उठवलं तेव्हाच उठले.

पुढच्या वर्षी मी तुमच्या बोटीवर येणार आहे, सवाष्ण म्हणून. स्पृहाला सांगा, मी पदर खोचणार नाही. आणि ती माझ्याच पंगतीला, माझ्या शेजारी बसेल. वाढायला तुम्ही उभे राहा.

लोभ असावा, तुपाचा हातही सढळ असावा.

वहिनी