तारा एकोणीस, मृणालिनी तीन

झूटरमेर, नेदरलँड्स, बुधवार दुपार

ती. आसावरीताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष आडवं व्हायला जमिनीवर जागा नाही, सगळीकडे दुपटी वाळत पडली आहेत. मनातल्या मनात घातलाय, मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे, भावोजींची शुगर काय म्हणते, हे फोनवरच विचारणार होतो, पण अकरा वेळा लावला आणि अकराही वेळा तू कापलास. म्हणून हाताने लिहून, फोटो काढून भावोजींच्या मोबाइलवर पाठवतोय. इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. माझं विचारू नकोस.

झालं असं. सोमवारी मुलगी झाली. इथे तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नावाची नोंद करावी लागते, बारशाबिरशासाठी कुणी थांबत नाही. तू डोहाळेजेवणातच सांगून ठेवलं होतंस, मुलगी झाली तर आईचं नाव, मृणालिनी. मी ‘बघू’ म्हणालो होतो. आता ऑफिसात माझ्या ‘श्रीहर्ष’चे जे हाल होतात (गेल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये तिघांनी तीन प्रकारे हाक मारली आणि मी तिन्हींना ओ दिली) ते बघून वाटलं, पोरीच्या मागे हे कशाला? पण तुला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून (काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे) घरच्या ग्रुपवर मतदान लावलं. तारा, अन्विता, मृणालिनी. म्हटलं, सगळ्यांनी ठरवलं की वाईटपणा कुणा एकाच्या माथी येत नाही. चौतिसांपैकी एकतीस जणांनी मत दिलं. शशिकांतकाकांनी मृणालिनीवर बोट टेकवलं आणि लगेच विचारलं, चुकून लागलं, काढायचं कसं? तारा एकोणीस, अन्विता नऊ, मृणालिनी तीन. मी मूर्खासारखा निकाल जाहीर करून वर फुलं टाकली. चार मिनिटांत तू ग्रुप सोडलास.

निकाल घेऊन बाळंतिणीच्या खोलीत स्वानंदीकडे गेलो, तर ती म्हणाली, मला मंजूर नाही. का, म्हटलं तर, आधी ताईंशी बोल. बास, एवढंच. मग आनेमिकला विचारलं. आनेमिक म्हणजे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येणारी नर्स. बाळाला अंघोळ घालते आणि मला कामं सांगते. तिला म्हटलं, तुमच्याकडे अख्ख्या देशाने मत दिल्यावरही पार्लमेंटची मंजुरी लागते का गं? ती म्हणाली, लागते म्हणजे काय, लागतेच. २०१६ साली युक्रेनबरोबरच्या करारावर सार्वमत घेतलं. बत्तीस टक्के लोक आले, त्यातल्या एकसष्ट टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं. पण ते सार्वमत पडलं नुसतं सल्ला देणारं. पार्लमेंटने पुन्हा विचार केला, सोबत एक खुलासा जोडला आणि करार मंजूर करून टाकला. पुढे दोन वर्षांनी तो सार्वमताचा कायदाच काढून टाकला. ती स्वतः पावसात सायकल मारत जाऊन ‘नको’ म्हणून आली होती. तो राग अजून गेलेला नाही. बाळाचा टॉवेल तिने जरा जोरातच झटकला. मी म्हटलं, मग विचारायचंच कशाला? ती म्हणाली, ते तू मला सांग, मतदान तू घेतलंस.

ताई, थकलो गं. झोप नाही म्हणून नव्हे. काल कपड्यांच्या घड्या करताना डोक्यात आलं, आपण आपल्या आईचं नाव निवडणुकीला उभं केलं आणि पाडलं. ज्या आईचं शेवटचं वर्ष तू एकटीने काढलंस, आणि मी इथून व्हिडिओवर गोळ्यांची नावं विचारायचो. तुझ्याशी बोलायचं सोडून मी एकतीस जणांना विचारलं. चुकलो. पार चुकलो.

उद्या चार वाजता नगरपालिका बंद होते. बाळाला अजून नाव नाही आणि घरात मला कुणी विचारत नाही. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
श्रीहर्ष

ता. क. तीन मतांपैकी एक तुझं, एक काकांचं चुकलेलं. तिसरं कुणाचं, ते मी बघितलंही नाही. माझं नव्हतं. माझं ताराला होतं. हे लपवून ठेवणार होतो, पण जमेना. हवं तेवढं बोल, फक्त फोन उचल.

ता. क. दुसरा. (हे अक्षर माझं, स्वानंदीचं. फोटो मीच काढतेय म्हणून वाचायला मिळालं.) ताई, तिसरं मत माझं. मला नामंजूर आहे ती तारा. आनेमिक बाळाचं वजन-ताप लिहिते त्या वहीवर पहिल्या दिवसापासून ‘मृणालिनी’ आहे, आणि तिला ते नीट म्हणताही येतं. तुमच्या भावाने दोन दिवसांत ती वही एकदाही उघडलेली नाही. पण आत्याने कानात सांगितल्याशिवाय मी नोंद करू देणार नाही. आता फोन माझ्या नंबरवरून येतोय. बाळ जागं आहे, उचला.