देवळाचे कोपरे

शनिवार, १२ फेब्रुवारी १९२७
आमच्या ख्रिस्ती देवळातल्या बाजाच्या पेटीचा एक सूर आठवडाभर कुरकुरतो आहे. भजनमंडळी म्हणते, कारागीर बोलवा. कशाला? मी मास्तर माणूस, शाळेचं घड्याळ उघडून पुन्हा बंद केलेलं आहे. चालतं की नाही हा वेगळा प्रश्न. किल्ली माझ्याकडे असतेच. पेन्सिलीचा चाकू घेऊन एकटाच गेलो. सूर सापडला. चाकू निसटला. भात्याला वीतभर चीर. पेटी मिटून घरी आलो. चाकू कुठे राहिला कोण जाणे. सौ. चन्नम्माने विचारलं, जेवत का नाही. डोकं दुखतंय म्हटलं. मग खरंच दुखायला लागलं, तेव्हा ते खोटं धरायला नको.

रविवार, १३
उपासनेत पेटीतून नुसता वारा. कमिटीचे शरणप्पा म्हणाले, फरशी पुसताना पाणी उडून कातडं कुजलं असणार. सगळ्यांनी म्हाळसाबाईकडे पाहिलं. विधवा बाई, सोळा वर्षं देवळाची झाडलोट करते. म्हणाली, "पानी म्या लांबच ठेवती. पर झालं बी असंल." मी गीतांच्या पुस्तकात पाहत होतो. पान कोणतं होतं आठवत नाही. तिला कामावरून काढलं.

सोमवार, १४
निश्चय. कबुली द्यायचीच. पण असल्या मळक्या तोंडाने नाही. आधी स्वतःला लायक करायचं. टाइमटेबल आखलं: पहाटे चारला उठणे, पवित्र शास्त्राचे रोज दहा अध्याय, बुधवार-शुक्रवार उपास, तपकीर कायमची बंद. ६ मार्चला प्रभुभोजन आहे, प्रभूच्या नावाची भाकर सगळ्यांनी वाटून घ्यायची. तीन आठवडे पुष्कळ झाले.

बुधवार, १६
उपास दुपारपर्यंत उत्तम. मग शेंगांची चटणी चाखली. भाकरी नव्हती, म्हणजे जेवण नव्हे. अध्याय सव्वा.

शुक्रवार, १८
खरं प्रायश्चित्त सुचलं. म्हाळसाबाईचं काम आपणच गुपचूप करायचं! मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत देऊळ झाडून आलो. घरची केरसुणी तिथेच बाकाखाली लपवली. कंबर धरली आहे, पण मन हलकं. उपास आज माफ.

शुक्रवार, २५
रोज झाडतो आहे. देवळात चर्चा, कोण झाडतं म्हणून. एका म्हातारीने देवदूत म्हटलं. मी चूप राहिलो. नम्रतेत चांगली प्रगती. चन्नम्मा मात्र केरसुणी शोधून शोधून माझ्यावर डाफरते आहे.

रविवार, २७
पाळक निंगप्पांचा उपदेश: आपल्या करणीने कोणी देवापुढे उभा राहत नाही, विश्वासाने रिकाम्या हातांनी यावं. फार छान. शरणप्पांनी नीट ऐकायला हवं होतं.
नंतर कमिटी. देऊळ आपोआप स्वच्छ राहतं आहे, तेव्हा नवी झाडणारी नको, जुनीही नको. ठराव पास. म्हाळसाबाई मागच्या बाकावर बसली होती. पदर सारखा करून उठून गेली. एकदा माझ्या चाकूने तिचं काम गेलं, आणि आता माझ्या पुण्याईने ते परत मिळणार नाही. मला बसवेना.

बुधवार, २ मार्च
झाडणं बंद करावं तर कमिटी लगेच कोणी दुसरीच नेमेल. चालू ठेवावं तर म्हाळसाबाईच्या पोटावर पाय. तोड म्हणून आज अर्धंच झाडलं. तपकीर दोनदा.

शनिवार, ५
प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, ज्याचं ज्याच्याशी वाकडं त्याने मिटवून यायचं, अशी आमची रीत. म्हाळसाबाईच्या घरी गेलो. अकरा मुद्दे काढून नेले होते. पहिला सुरू करतो तोच तिने फळीवरून माझा चाकू काढून पुढे ठेवला. म्हणाली, "शेवटचं झाडाया गेले तवा पेटीखाली गावला हुता. तवाच कळलं."
तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं. "तुमी याल म्हनून वाट बगत हुते की."
राग आला असेल, म्हटलं. राग कधीच सोडला, म्हणाली. मग मी उपास सांगितले, पहाट सांगितली, भरपाई म्हणून आणखी काय करू विचारलं. ती म्हणाली, "मास्तर, देवानं मला फुकट माफ केलं. म्या तुमच्याकडनं काय घिऊ? उद्या खरं सांगा, झालं."
मुद्दे खिशातच राहिले. रडू आलं. तिने तांब्याभर पाणी दिलं.

रविवार, ६
उभा राहिलो. भाता मी फाडला, बाईचा दोष नाही, आणि झाडत होतो तो मीच, एवढंच तोंडून आलं. शरणप्पा बराच वेळ खोकले. पाळक म्हणाले, बसा मास्तर. ठराव रद्द.
भाकर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. तीन आठवड्यांत तसूभरही लायक झालो नव्हतो. तरी घेतली. लाज वाटत होती, पण हात मागे घेतला नाही.

सोमवार, ७
म्हाळसाबाई कामावर आली. मी शाळेत जाता जाता डोकावलो. बाकांखालून, कोपऱ्यांतून तिने टोपलीभर केर काढून दारात ठेवला होता. विचारलं, "मास्तर, तुमी नुसती मधली वाट झाडत हुता व्हय?"
हो म्हटलं.
तिने माझी केरसुणी माझ्या हातात दिली. ती घेऊन भर रस्त्याने घरी आलो, चन्नम्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता घरातले कोपरे घ्या. देवदूताचा विषय दिवसभरात कोणीच काढला नाही.