तिच्या अर्जावर माझा नंबर

३ जून, मंगळवार
बोरगावची सुजाता आमच्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात आलती. बेळगावला नर्सिंगला जायचंय तिला, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. ऑनलाइन अर्ज मीच भरला. फोन नंबर माझा घातला. आमच्याकडं सगळ्यांचंच असं. मेसेज कन्नडात येतात. निपाणी पडलं कर्नाटकात; कन्नड बोलायला सगळ्यांना येतं, वाचायला येत न्हाई. म्हणून माणसंच म्हणतात, "तुझाच घाल रं." पण सु.ला वाचता येतं, फोनही आहे. मी विचारलंच न्हाई. दाखला झाला की तिला फोन करायला निमित्त...

६ जून, शुक्रवार
स्टँडवर सु.ला गाठलं. लग्नाचं काढलं. तर म्हणाली, "आधी बी.कॉम. पुरं कर. कॉलेज मधनंच सोडलंस, मलाबी सोडशील." लोकांसमोर! डोकं फिरलं. दुकानात येऊन सिम काढलं, कात्रीनं दोन तुकडे. लागूच नये तिचा फोन.
मालक आप्पा बघत होते. "सिमनं काय घोडं मारलं रं तुझं?"

१६ जून, सोमवार
सु. आली. "दाखला कुठं हाय?" अर्ज उघडायला गेलो, ओटीपी त्या कापलेल्या सिमवर. म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर मस्त चालू होता.

१७ जून, मंगळवार
त्याच नंबरचं नवं सिम आणलं. अर्ज उघडला. रेशनकार्डाची नक्कल धूसर, परत जोडा, असं कळवलं होतं. मुदत गेली. अर्ज रद्द. प्रवेश शनिवारी बंद होणार. बाकी किती जणांचं लटकलंय, बघायचा धीर...

१८ जून, बुधवार
बोरगावला गेलतो. खरं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या फोनला काय धाड भरलीती?" एवढंच.
दुपारी आली. नवा अर्ज, तिचा नंबर. ओटीपी मला सांगितलासुद्धा न्हाई, कीबोर्ड ओढून स्वतः घातला. मी खुर्ची मागं घेतली.
आप्पांना सांगितलं, आजपासून ज्याचा अर्ज त्याचा नंबर. कुठला मेसेज आला तर काय करायचं, ते मराठीत मोठ्या अक्षरात भिंतीवर लावतो.
"मग गिऱ्हाईक परत येतंय व्हय रं?"
भांडलो. तासाभरानं म्हणाले, "लाव बाबा. लई शाणा झालास."

२१ जून, शनिवार
शेवटचा दिवस. दाखला निघाला का? कुणाला विचारू? दुकानासमोरनं बेळगावची बस गेली, सु. तीत होती का न्हवती, दिसलं न्हाई.
राहवेना. तिचा अर्ज क्रमांक टाकला. पडद्यावर आलं, ओटीपी पाठवला आहे.
म्हणजे तिला. तिचा फोन वाजला असणार. कोण बघतंय, तेही कळलं असणार.
आकडे घालायचा चौकोन रिकामा. फोन समोर ठेवलाय, ती आकडे कळवंल का? आप्पा खेकसतायत, "मिट की ते, माणसं खोळंबल्यात!"
"आप्पा, जरा थांबा की..."