झाकून ठेवलेली घागर

तीर्थरूप काजीसाहेब,

आज दसैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, अष्टमी. दुबईत करामातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात तांब्याची घागर काठोकाठ भरून, वर ताट झाकून ठेवली आहे आणि सकाळपासून घरात कुणाच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरलेला नाही. का? तर तुम्ही तहानेने मेलात म्हणून! किल्ल्यात, हातात तलवार घेऊन, शेवटच्या श्वासापर्यंत लढत. निदान लग्न झाल्यापासून मला तरी असंच सांगण्यात आलंय.

काल संध्याकाळी कळलं, हे साफ खोटं आहे. म्हणून लिहितेय. नवरा साइटवर गेलाय, सासरे हॉलमध्ये एसीखाली आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून भराभर लिहितेय. राग इतका आलाय की कुणाशी तरी भांडल्याशिवाय उतरायचा नाही. सासू-सासरे व्हिजिट व्हिसावर आलेत, पाहुण्यांशी भांडता येत नाही. राहिलात तुम्ही.

आधी ओळख सांगते, कारण आपली गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. मी सुनंदा, माहेरची नाशिकची. तुमच्या वंशातला प्रकाश मला पुण्यात कॉलेजात भेटला. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी भर बैठकीत म्हणाली, "गुरख्याशी लग्न करतेस? मग रात्रभर सोसायटीत शिट्ट्या मारत फिरणार वाटतं दोघं!" सगळे हसले. त्या दिवशी तुम्ही माझ्या कामी आलात. मी ताडकन उठून सांगितलं, त्याचे पूर्वज सेनापती होते, एका अख्ख्या प्रांताचे सुभेदार होते, तुमचे कोण होते? मावशीने विषयच बदलला. तुमच्यावर तेव्हापासून माझा जीव होता हो! म्हणूनच आज इतकी चीड येतेय.

इथे दुबईत कुणाला सांगितलं की आमचे पूर्वज काजी होते, तर लोकांना निकाह लावणारे वाटतात. मग आमचे सासरे, स्वतः निवृत्त कर्नल, इथे असले की खुर्चीत ताठ बसून तुमचं चरित्र सुरू करतात. काजी म्हणजे गोरखा राज्याचा सरदार. गरीब घरातला पोरगा, राजाच्या फौजेत शिरला, डोंगरामागून डोंगर जिंकत पश्चिमेला निघाला. काली नदी ओलांडली. नदीपलीकडचा प्रांत ताब्यात आला तेव्हा राजाने तोच सुभा त्याच्या हवाली केला. टीव्हीशेजारी तुमचं चित्रही टांगलंय, तुम्हाला कधीच न पाहिलेल्या कुणीतरी काढलेलं. मिशा मात्र झकास.

सुभेदार म्हणून तुम्ही काय केलंत, तेही विचारायचंय. खालच्या मजल्यावर बिष्टवहिनी राहतात, तुम्ही जिंकलेल्या त्याच डोंगरातल्या. एकदा चहाला आल्या, चित्राखालचं नाव वाचलं आणि कप खाली ठेवला. म्हणाल्या, "हमारे यहाँ तो आज भी जुल्म को गोरख्याणी बोलते हैं, भाभी." तुमचे शिपाई गावातली माणसं ओझी वाहायला धरून न्यायचे, ती कित्येकदा परत यायची नाहीत, असं त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं. सासरे म्हणतात, शिस्तीचा कारभार होता. कोणाची शिस्त, काजीसाहेब? ओझं कोणाच्या पाठीवर होतं? त्या दिवसापासून बिष्टवहिनी मला खालीच बोलावतात, वर येत नाहीत.

मग इंग्रजांची कंपनी तोफा घेऊन डोंगरात आली. तुम्ही बायका-मुलांसकट किल्ल्यात कोंडले गेलात. त्यांनी झऱ्याची वाट अडवली. इथपर्यंत सासरे नेहमी बसून सांगतात. पुढचं उभं राहून. "किसी ने घुटने नहीं टेके. काजीसाहेब प्यासे मरे. सब के सब प्यासे मरे!"

नवी नवरी असताना मी मध्येच सासऱ्यांना विचारलं होतं, "बुवा, काजीसाहेबांचं सगळं कुटुंब किल्ल्यातच होतं ना? मग सगळेच मेले तर आपलं घराणं आलं कुठून?" हशा पिकला. सासरे म्हणाले, बुहारी वकील दिसतेय. बुहारी म्हणजे सून. प्रश्न तिथेच राहिला, आणि दरवर्षी अष्टमीला मीही सगळ्यांबरोबर तहानलेली राहू लागले. मीना बाजारातून ही घागर मीच आणली. ऑक्टोबरातल्या दुबईत दिवसभर पाण्यावाचून राहून बघा एकदा!

पण मी चिडलेय ती माझ्या तहानेसाठी नव्हे. नवीनसाठी.

नवीन माझा धाकटा दीर. नेपाळच्या सैन्यात कॅप्टन. एका सुट्टीत इथे आला होता, तेव्हा आमच्या लहानग्या रोहनला खांद्यावर घेऊन खाडीवर अब्र्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसायला न्यायचा. माझी थालीपिठं लोण्याबरोबर खायचा आणि मला, त्याच्या वहिनीला, म्हणायचा, "भाऊजू, युद्धात जेवण तुमच्या ताब्यात द्यायला हवं." गेल्या हिवाळ्यात त्याची चौकी वेढली गेली. वेढणारे परके नव्हते हो, नेपाळातलेच बंडखोर, त्याचीच भाषा बोलणारे. वायरलेसवर मागे यायचा निरोप गेला होता. उतरायला एक वाटही होती. त्याने काय उत्तर दिलं, ठाऊक आहे? "आमच्या घरात चौकी सोडत नाहीत."

चौकीतलं पाणी संपलेलं होतं. त्याच्याबरोबरची पोरंही गेली. सासऱ्यांनी फोनवर प्रकाशला सांगितलं, "काजीसाहेब की तरह गया." रडले नाहीत. मी मात्र बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि पाणी वाहताना बघून आणखी रडले.

आणि आता रोहन. यंदा शाळा संपेल त्याची. काकाचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दोन महिन्यांपूर्वी जेवताना सांगून टाकलं, "आय वॉन्ट टू जॉइन. नेपाल आर्मी. लाइक काका." प्रकाशचा घास हातात राहिला. मी ओरडले, रागावले, विनवलं. पोरगा शांतपणे म्हणतो, "मम्मा, इट्स इन अवर ब्लड." सासऱ्यांना कळलं तसे ते तिकीट काढून हजर. तुमची तलवार विमानात आणता येत नाही, म्हणून तिच्या मुठीला बांधायचा लाल गोंडा घेऊन आलेत. तुमच्या घराण्यात मोठ्या मुलाच्या मोठ्या मुलाने नवमीला तो मनगटाला बांधून शपथ घ्यायची असते. पाठ न फिरवण्याची. उद्या नवमी.

तर काल संध्याकाळी मी सिंकपाशी घागर चिंचेने घासत होते. सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. नवीन गेल्यापासून फार बोलत नाहीत. एकाएकी म्हणाल्या, "बुहारी, कल इसको ढकना मत."

मी म्हटलं, "असं कसं आमा? दरवर्षी झाकतो ना?"

"मर्द लोग ढकते हैं. पहले नहीं ढकते थे." आणि मग त्यांनी सांगितलं. हळू, हॉलकडे बघत.

तुम्ही दार उघडलंत! दोन शब्द बोलायला काय होतं हो तुमच्या घराण्याला? उघडलं दार. किल्ल्यात लेकरं ओल्या भिंती चाटायला लागली, तेव्हा तुम्ही स्वतः पांढरं फडकं काठीला बांधलंत. कंपनीच्या साहेबाला एकच अट घातलीत. आधी बायका आणि मुलं झऱ्यापर्यंत जातील. त्यांचं पिऊन झालं की मग शिपाई. मग मी. तुम्ही शेवटी प्यालात, पण प्यालात. काली ओलांडून परत गेलात. दरबाराने तोंड फिरवलं, सुभा गेला, मान गेला. पुढे कितीतरी वर्षं जगून, गावच्या घरात, खाटेवर म्हातारे होऊन मेलात. शेवटचा घोट सुनेच्या हातून घेतलात आणि तिला म्हणालात, अष्टमीला दारात भरलेली घागर ठेवत जा. जो तहानलेला येईल त्याला दे.

द्यायची होती घागर, काजीसाहेब! प्यायला! आणि तुमच्या लेकानातवंडांनी तिच्यावर ताट झाकलं. बापाने दार उघडलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला किल्ल्यात मारून टाकलं. आणि मग त्या खोट्या मरणाची बरोबरी करायला पिढ्यान्‌पिढ्या पोरं धाडत राहिले.

मी विचारलं, "आमा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेरी सास ने. उसको उसकी सास ने. पानी भरते समय."

"आणि घरच्या पुरुषांना?"

"मर्दों को कौन बोलता."

"मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

त्या घागरीकडे बघत राहिल्या. "नवीन फौज में था. उसका मन कैसे तोड़ती." मग म्हणाल्या, "बोलती, तो शायद वो चौकी छोड़ देता." मी नळ बंद केला आणि त्यांना जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

तुम्हीच का नाही बोललात? हा माझा खरा प्रश्न आहे. खाटेवर इतकी वर्षं पडून होतात ना, मग लेकांना समोर बसवून सांगता आलं नाही, की यात लाजण्यासारखं काही नाही? एवढा सेनापती, कंपनीच्या तोफेपुढे एकटे चालत गेलात, आणि स्वतःच्या पोरांपुढे तोंड उघडायला घाबरलात! सुनेच्या कानात सांगून मोकळे झालात. दुसऱ्यांच्या गळ्यात ओझं बांधायची तुमची सवय सुभेदारीपासूनचीच दिसते.

थांबा. रोहन आलाय.

परत आले.

पोरगा आत येऊन फ्रिज उघडून नुसता गारव्यात उभा राहिला. "मम्मा, आय ॲम डाइंग ऑफ थर्स्ट." माझ्या डोक्यात काहीतरी तुटलंच. मी ग्लास काढला, दारात गेले, घागरीवरचं ताट बाजूला केलं, ग्लास भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. "पी."

"बट मम्मा, काजीसाहेब..."

"काजीसाहेब पाणी पिऊन मेले," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. फडकं, अट, झरा, खाट. हातचं काही राखलं नाही. बिष्टवहिनींच्या आजीचंही सांगितलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "सो ही सरेंडर्ड?"

"हो."

"अँड दे लिव्ह्ड?"

"तोवर जे तगले होते, ते सगळे. त्यातलंच एक लेकरू आपलं. म्हणून तू आहेस."

"देन काका..." एवढंच म्हणाला.

मला वाटलं, ग्लास ओट्यावर आपटेल आणि निघून जाईल. गेलाच, पण ग्लास घेऊन. हॉलमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "हजुरआमा, पानी खानुस्." तुमच्याकडे पाणी खातात, आम्ही पितो; एरवी त्याला यावरून मी चिडवते.

सासरे ताडकन उठून बसले. "रोहन! सूरज डूबने दो!"

"नो हजुरबुवा," पोरगा म्हणाला. "लेडीज फर्स्ट. दॅट वॉज हिज ऑर्डर."

सासूबाईंनी ग्लास घेतला. सासऱ्यांच्या डोळ्यांत बघत घोट घेतला, मग दुसरा, मग सगळा ग्लास. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. माझं आतलं बोलणं सासऱ्यांना ऐकू गेलंच असणार; त्यांनी विचारलं, "तुमको मालूम था?" त्या म्हणाल्या, "मालूम था. अब उसको पीने दो."

सासरे तुमच्या चित्राकडे पाठ करून बसलेत. रोहन घागरीपाशी जमिनीवर बसून एकामागून एक ग्लास पितोय. मी हाक मारली तर मान वर करत नाही.

तो सैन्यात जाणार नाही, असं वचन मी तुम्हाला देत नाही. पोरगा माझा असला तरी आयुष्य त्याचं आहे. पण जाईल तर तुमचं खरं मरण ऐकून जाईल. आणि या घरात यापुढे कुठलीही सून ही गोष्ट कुजबुजत सांगणार नाही. मी मोठ्याने सांगेन, जेवणाच्या टेबलावर, दरवर्षी. बिष्टवहिनींनाही वर बोलावून सांगेन. त्या घागरीतलं पाणी घेतात की नाही, ते त्यांनी ठरवावं.

उद्या आमची खंडेनवमी. ज्यावर घर चालतं त्या हत्यारांची आम्ही पूजा करतो. पाटावर प्रकाशचं सर्व्हेचं लेव्हल-यंत्र असेल, माझी विळी असेल आणि मध्यभागी तुमची घागर, उघडी. तुमच्या तलवारीचा लाल गोंडा मी तिच्या गळ्यात बांधणार आहे.

तुमच्यावर अजूनही चिडलेली,
तुमच्या घरची बुहारी,
सुनंदा
करामा, दुबई