न विचारलेलं मत

रामदासपेठ, नागपूर
दि. २६ ऑगस्ट २०२५

चि. नीला हीस मधुसूदनचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू हॅलो हॅलो करत राहतेस आणि मी ओरडून ओरडून खोकत बसतो, त्यापेक्षा आपलं पोस्टच बरं. पोस्टमन म्हणतो की बँकेच्या नोटिसा सोडल्या तर साऱ्या बिल्डिंगीत हाताने लिहिलेलं पाकीट फक्त माझ्याकडे येतं. मी जरा छाती पुढे काढूनच ते घेतो.

शनिवारी मारबतीची मिरवणूक निघाली. यंदा जाळायला नेलेल्या एका बडग्याच्या पुतळ्याला आमच्या अजाबराव साहेबांचा चेहरा चिकटवला होता, आणि लोक काय बेभान ओरडून राहिले होते! साहेबांच्या ऑफिसात तेव्हापासून धावपळ सुरू आहे. पक्षाचा जिल्हाध्यक्ष निवडायचाय, साहेब की गोपिकाताई, आणि वरच्या लोकांनी सांगितलं की आधी जनतेचं मत घ्या. ते काम साहेबांच्या ऑफिसात असलेल्या आपल्या विहंगला मिळालं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचा, सही घ्यायची, जमलं तर फोटो. पोरांना लोक दारातून हाकलतात म्हणून चिरंजीवांना पांढऱ्या केसांचा बाप आठवला. तुझं कन्हान माझ्या वाट्याला आलंय.

साहेबांचं नाव काढलं की तू लगेच नाक मुरडशील. माणूस तोंडाचा फटकळ आहे, कबूल. तुझ्या शेजारच्या तुळसाबाईचं भाजीचं दुकान त्याने उभं राहून पाडलं आणि वर घाण साफ केली म्हणून भाषण ठोकलं, तेही तू मागे लिहिलं होतंस. ते चुकलंच त्याचं. पण रस्ते कोणी केले, ते सांग. काहून इतकी चिडतेस वं त्याच्यावर?

रविवारी येतो. पुडाच्या वड्या कर, सांभाराच्या ताज्या जुड्या मी घेऊन येईन.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
दादा

*

कन्हान
दि. १३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादास नीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू येऊन गेलास, घर दोन दिवस भरल्यासारखं वाटलं. वड्या किती खाल्ल्यास ते वहिनीला कळवत नाही, तुझी साखर तिच्या ताब्यात आहे एवढं मला ठाऊक आहे.

एक विचारायचं राहिलं. ओसरीत बसून तू ते कागद भरत होतास. मला जन्मसाल विचारलंस, फोटो मागितलास, आणि बोट ठेवलंस तिथे मी सही केली. कढईत तेल तापलं होतं, पिठाच्या हाताने घाईत केली. पण मत कोणाला म्हणून तू विचारल्याचं मला काही आठवत नाही. की विचारलंस आणि मलाच ऐकू आलं नाही? तसं असेल तर मी भलतंच काही बोलले नाही ना?

कारण हल्ली माझा भरवसा राहिला नाही रे. कानाचं यंत्र बिघडलंय. तुळसाबाई रोज सकाळी भिंतीपलीकडून जयभीम घालते आणि बाई उठल्या का म्हणून विचारते, ते तुला ठाऊक आहे. हे गेल्यापासून माझं घड्याळ तेच. गेले आठ दिवस मला ती हाक ऐकूच येत नाही. सेल बदलला, नळी पुसली. कुकरची शिट्टी ऐकू येते, कावळा ऐकू येतो, रेल्वे ऐकू येते, तुळसाबाईच तेवढी येत नाही. मी आपली रोज त्याच वेळेला भिंतीकडे तोंड करून अंदाजाने जयभीम म्हणते, आणि तिने उत्तर दिलं असेल असं धरून हसते. बाई किती मूर्ख दिसत असेन मी!

एवढं एक माझं माणूस, तिचा आवाज गेला तर दिवस कसा सुरू करायचा तेच समजत नाही. रामदासपेठेतल्या त्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावशील का? तू सोबत असलास तर बरं.

तुझ्या आशीर्वादावर जगणारी,
नीला

*

रामदासपेठ, नागपूर
दि. १७ सप्टेंबर २०२५

चि. नीला हीस अ. उ. आ.

डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. अकराला ये, मी खालीच उभा राहीन.

यंत्र जुनंच झालंय तुझं. सहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. अशा यंत्रांना काही विशिष्ट आवाज पकडता येत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलं आहे. बायकांचे आवाज तर विशेष. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

सर्व्हेचं विचारलं आहेस. ते सगळं रीतसर झालं, तू भलतंसलतं काही बोलली नाहीस. आणि एक, हल्ली पेपरात कसली कसली पत्रकं घालून पाठवतात. ती वाचण्यात डोळे फोडू नकोस, सरळ फळीवर अंथरत जा.

वहिनीने मेथीचे लाडू केलेत, ते देतो. आणखी विशेष काही नाही.

दादा

*

कन्हान
दि. २५ सप्टेंबर २०२५

दादास न. वि. वि. शिरसाष्टांग आज राहू दे.

मंगळवारी डॉक्टरांनी यंत्र उघडून, पुसून, माझ्या कानाशी कागद चुरगाळून पाहिला आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं. तू शेजारच्या खुर्चीवर होतास. तू तेव्हा चष्मा पुसत होतास. नंतर मला उसाचा रस पाजलास, लाडवांचा डबा दिलास आणि बसमध्ये बसवून दिलंस.

काल सकाळी मी सरळ तुळसाबाईच्या दारात गेले. तिने मला बस म्हटलं नाही. आत गेली आणि एक पत्रक आणून माझ्या हातात ठेवलं. त्यावर माझा फोटो, खाली माझी सही, आणि मधे ठळक अक्षरात, की अजाबराव साहेबांसारखा नेता होणे नाही, पक्षाची धुरा त्यांच्याच हाती शोभते. श्रीमती नीला, निवृत्त शिक्षिका, कन्हान. सगळ्या कन्हानभर वाटलं गेलं ते, घरोघर. माझ्याही पेपरात आलं असेल, मी पाहिलं नाही, आणि वर तू मला फळीवर अंथरायला सांगितलंस.

तिचं दुकान पाडलं तेव्हाचा अर्ज मी लिहून दिला होता. खाली तिच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि यातली कोणती सही खरी मानू, एवढंच मला विचारलं. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काय सांगणार होते मी तिला? सही खोटी म्हणावी तर ती माझीच आहे. पस्तीस वर्षं पोरांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून शिकवलं आणि स्वतः पिठाच्या हाताने करून मोकळी झाले. भावाने फसवलं म्हणावं, तर तिच्या दारात उभं राहून तुझं नाव घ्यायला जीभ उचलेना. मी तशीच परत आले. म्हणजे यंत्र कधी बिघडलंच नव्हतं, दादा. तिने हाक मारणं सोडलं होतं, आणि मी वेड्यासारखी रिकाम्या भिंतीला जयभीम घालत होते, तीन आठवडे! आणि ती पलीकडे बसून ते ऐकत होती.

आता तू ये. तिला पत्र नको, विहंगचा फोन नको. गल्लीत उभा राहा आणि काय केलंस ते बोल. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोल, म्हणजे सगळ्यांना जाईल. नाहीतर दिवाळीला ओवाळायला मी नाही.

नीला

*

रामदासपेठ, नागपूर
दि. २९ सप्टेंबर २०२५

प्रिय नीला,

आशीर्वाद द्यायची आज माझी लायकी नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं.

मी विचारलं आणि तुला ऐकू आलं नाही, असं काही झालं नाही. मी विचारलंच नाही. तुझ्या ओसरीसमोर पानाच्या ठेल्यावर गोपिकाताईंची चारपाच माणसं बसली होती. तुला विचारायचं म्हणजे दोन्ही नावं घेऊन ओरडावं लागलं असतं. मला लाज वाटली. कशाची, ते मी चार दिवस स्वतःला वेगवेगळं सांगून पाहिलं. राजकारणाचा तमाशा नको, म्हातारपणी शोभत नाही, वगैरे. खरं लिहितो, बहिणीच्या बहिरेपणाची लाज वाटली.

आणि त्याच्या पोटात दुसरं होतं, ते याहून वाईट आहे. उत्तर काय येईल ते मला ठाऊक होतं. ते मला कागदावर नको होतं. साहेबांच्या बाजूचे फॉर्म कमी पडत होते आणि विहंगचा जीव टांगणीला लागला होता. तू वड्या तळत होतीस, मी ते वाक्य माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. कचेरीत इतकी वर्षं काढली, कोऱ्या कागदावर कोणाची सही घेऊ दिली नाही म्हणून लोक मला तिरसट म्हणत. आणि पहिली तशी सही घेतली ती तुझी.

पत्रक वाटून झाल्यावर विहंगने एक घरी आणून मोठ्या कौतुकाने दाखवलं, की आत्याचा फोटो किती छान आलाय. त्याला काही माहीत नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी तुझं यंत्र बिघडल्याचं पत्र आलं. मला वाचता वाचताच सगळं कळलं, नीला. तरी मी तुला ते बायकांच्या आवाजाचं लिहिलं. ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

वहिनीला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. विहंग म्हणतो, बाबा जाऊ नका, कोणीतरी मोबाइलवर काढेल आणि साऱ्या शहरात फिरेल. त्याचं काम जाईल ही भीती त्याला आहे, मलाही आहे. पण येतो. रविवारी दहाच्या बसने येतो. जेवायला थांबणार नाही.

दादा

*

कन्हान
दि. ७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादास नीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

शिरसाष्टांग पुन्हा लिहिला आहे, पाहिलास ना?

तू न जेवता गेलास, भाजी दोन दिवस मीच खात होते. असो. काल साहेबच जिल्हाध्यक्ष झाले म्हणे, चौकात फटाके वाजले ते मलासुद्धा ऐकू आले. म्हणजे तुझ्या बोलण्याने तिकडे काही फरक पडला नाही. विहंगला तेवढं सांग, त्याची झोप परत येईल.

इकडचं सांगते. तू गेल्यावर तुळसाबाई दिवसभर दार लावून होती. मला वाटलं, संपलं. सोमवारी उजाडता उजाडता भिंतीपलीकडून जयभीम आला. मी चहा ठेवत होते, हातातली साखर सांडली. बाहेर गेले तर ती भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभी. मग बराच वेळ बोलत होती. तुमच्या भावाचा आवाज मधेच बसला होता म्हणाली. ठेल्यावरचा एक जण मोबाइल काढत होता, त्याला तिनेच हात धरून खाली बसवलं, असंही म्हणाली. म्हातारा माणूस उन्हात उभा होता, पाणी द्यायला हवं होतं, पण मन झालं नाही, आता वाईट वाटून राहिलं, असंही. पुढच्या वेळी देईन म्हणाली. तिने सांगितलं ते मी तसंच लिहिलं, गोड करून नाही.

आता तू विचारशील की मी हे तिच्याकडून काय ऐकते, मी स्वतः तर ओसरीत चार हातांवर बसले होते. दादा, तू गल्लीत शिरताना दिसलास, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घातलेली, हातात टोपी. तेव्हाच मी यंत्र काढून ओटीत ठेवलं. तू बोलत होतास, तुझे ओठ हलताना मी पाहत होते, मान हलवत होते. ऐकलं एक अक्षर नाही. ते बोलणं तुळसाबाईचं होतं, गल्लीचं होतं. माझ्या भावाला तसं बोलताना ऐकणं माझ्याने झालं नसतं. तूच मला मोठ्याने बोल म्हणून बजावलंस आणि तूच कान काढून ठेवलेस, असं म्हणून रागावशील तर रागव. तुझ्यापाशी एक खोटं माझंही असू दे.

आता एकच राहिलं. माझं मत काय, ते तू अजूनही विचारलेलं नाहीस. दिवाळीला ओवाळून घ्यायला येशील तेव्हा ओसरीत बस. ओरडायचं कारण नाही, शाळेतली पाटी माळ्यावरून काढून ठेवली आहे, तिच्यावर दोन्ही नावं लिही आणि माझ्यापुढे धर. मी उत्तर देईन की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही. पण तू विचार.

माया आहे तेवढीच आहे, कमी झाली नाही.
तुझी,
नीला