निर्मळचा उच्चार

बुधवार, ७ फेब्रुवारी १९७९

वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठावर बसून आलोश मेंढीसारखा ओरडला होता. बेऽऽ, बेऽऽ! १९३८ सालचा मे महिना. तो सेमिनरीतून सुट्टीला आलेला, एकोणीस वर्षांचा. मी सतरा. दोघांचे पाय पाण्यात. माझ्या मांडीवर भरतकाम – वेदीच्या कापडावर ग्रीक अक्षरं काढायची होती. टाका घालता घालता मी अक्षरांची नावं म्हणत होते, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर व्हेरोनिकांनी शिकवलेली. अल्फा, व्हीता, घामा – तो घ घशातून, अगदी हलका.

"व्हीता काय, वेडे! बेटा. अल्फा, बेटा, गामा. आमचे प्रोफेसर फादर सांगतात, जुन्या ग्रीक नाटकात मेंढी याच अक्षरानं ओरडते. मेंढी कधी व्ही-व्ही करते का?"

आणि करून दाखवलं. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी ओरडून विचारलं, मेंढी कुणाची शिरली रे? हसता हसता माझी सुई पाण्यात पडली.

एवढंच. पुढे तो पाद्री झाला, मी शाळेत लागले. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर आईचं आजारपण सांगायचे.

आज तो निर्मळला, घरी आला. टॅक्सीतून दोघांनी धरून उतरवला. अर्धांगाचा झटका. उजवा हात लुळा. जुलियानानं – त्याच्या वारलेल्या भावाच्या बायकोनं – ओटीवर खाट टाकून ठेवली होती. चार माणसं होती म्हणून मी म्हटलं, "फादर, मी रेजिना. ओळखलंत?" तो बघत राहिला. तोंड उघडलं. "ते... ते... ते..." बस्स. डोळे भरून आले.

वाचा गेली आहे. तीस वर्षं सेमिनरीत ग्रीक शिकवलेल्या माणसाची!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

जुलियानानं पत्र दाखवलं. त्याच्या संघाच्या वरिष्ठ फादरांचं. ईस्टरनंतर ते स्वतः येणार. तोवर वाचा परत आली, पापनिवेदन ऐकून क्षमेचे शब्द म्हणता आले, तर आलोशनं गावातच राहावं, इथल्या चर्चला मदत करावी. नाही तर बेळगावच्या पुढे त्यांचं म्हाताऱ्या फादरांचं घर आहे, तिकडे.

ईस्टर पंधरा एप्रिलला. नऊ आठवडे.

"रेजिनाबाय, तू रिटायर झालीस ना?" जुलियाना म्हणाली. "मग हा एक विद्यार्थी घे. नापास झाला तर मला सांगू नकोस."

मंगळवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, जे लहानपणी तोंडपाठ केलं ते आधी येतं. आकडे, प्रार्थना, गाणी. त्या दोरीला धरून मग हळूहळू शब्दांकडे जायचं.

'हे आमच्या बापा' सुरू केलं. पहिल्याच ओळीला रडला. आकडे – एक, दोन, मग "ते... ते..."

सोमवार, १९ फेब्रुवारी

शाळेतली पाटी नेली. त्यावर ग्रीक अक्षरं काढली, चोवीसच्या चोवीस. हात विसरला नव्हता!

त्यानं पाटीकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाला, "अल्फा."

जुलियाना आतून पळत आली. मी म्हटलं, "शाब्बास! पुढे? बेटा." त्याची पद्धत घेतली. त्याच्यासाठी माझी व्हीता गिळली. पण पुढे काही नाही. अल्फा, अल्फा, अल्फा.

बुधवार, २८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. इथल्या चर्चच्या फादरांनी ओटीवर येऊन त्याच्या कपाळाला राख लावली. अजून अल्फाच.

गुरुवार, ८ मार्च

आज ओटीवर नुसता गोंधळ. आलोशची पुतणी रिटा कॉलेजातून आली आणि म्हणे, "रेजिनामावशी, तू चुकीचं शिकवतेस. बीटा! बीटा, ईटा, थीटा. आम्ही फिजिक्समध्ये असंच म्हणतो." मी म्हटलं, तो इंग्रजांचा उच्चार. सेमिनरीत बेटा, एटा, थेटा म्हणतात. आणि खुद्द ग्रीक लोक व्हीता, ईता, थीता म्हणतात.

"मग बरोबर कुठला?"

हे मी सिस्टर व्हेरोनिकांनाही विचारलं होतं. त्यांची आई ग्रीक, तुर्कस्तानातल्या स्मर्नाची. शहर जळालं तेव्हा मायलेकी बोटीनं पळाल्या. सिस्टर सुई थांबवून म्हणाल्या होत्या, "फादर लोक म्हणतात, ही मेलेली भाषा. असेल. पण माझी आई याच भाषेत मला जेवायला हाक मारायची."

रिटाला हे सांगत होते तेवढ्यात बायजा दूध घालायला आली. खाडीकडून येते, तिच्या जिभेला लगाम नाही. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "बाय, फादरला पानी मागता येत नाय, आन् तुमी ह्ये कोनचं मंतर शिकवता?"

आम्ही हसलो. आलोशही हसला, अर्ध्या तोंडानं. पण मला ते लागलं.

शुक्रवार, १६ मार्च

हे नीट लिहून ठेवायला हवं.

जुलियाना बाजारात. ओटीवर आम्ही दोघंच. मी थकले होते. केळीची पानं कापून आले होते, डोकं दुखत होतं. पाटी त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, "अल्फा." आणि माझ्या तोंडून न ठरवता आलं – "व्हीता."

"घामा," तो म्हणाला.

घशातून. हलका. मग धेल्टा. एप्सिलोन, झीता, ईता, थीता... थांबलाच नाही! लामधा, मी, नी, क्सी... ताफ – सेमिनरीत ताउ म्हणतात, हा ताफ म्हणाला. थेट ओमेघापर्यंत. चोवीस अक्षरं, एकही चूक नाही. आणि एकही त्याच्या प्रोफेसरांसारखं नाही. सगळी माझ्यासारखी.

मी विचारलं, "आलोश, हे तू कधी शिकलास?"

"ते... ते..." डावा हात उचलला. स्वतःच्या घशाला लावला. मग बोट माझ्याकडे.

मी पाटी घेऊन उठले, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

शनिवार, १७ मार्च

पुन्हा म्हणाला. दोनदा!

रविवार, २५ मार्च

फादर ॲन्सेल्म येऊन गेले, गोव्याचे. त्याचे जुने विद्यार्थी. त्याचा हात हातात घेऊन बसले. मग आम्हाला म्हणाले, "फादर आम्हाला दोन उच्चार शिकवायचे. एक परीक्षेतला. तो झाला की पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, आता निर्मळचा उच्चार. अल्फा, व्हीता, घामा. आमच्या वर्गात छोटानागपूरची मुलं, केरळची मुलं – सगळ्यांना वाटायचं, निर्मळ हे ग्रीसमधलं गाव! एकानं तर परीक्षेत लिहिलं – निर्मळ, अथेन्सच्या उत्तरेस."

जुलियाना इतकी हसली की चहा सांडला. मी पण हसले. आलोश हसत नव्हता. खाली मान घालून चादरीची दशी ओढत होता. कान लाल. साठीचा पाद्री!

तीस वर्षं. दर वर्षी नवी मुलं. आणि मी इथे, त्याच्या घरापासून शंभर पावलांवरच्या वाडीत, समजत होते की त्याला ती सुईसुद्धा आठवत नसेल.

सोमवार, २ एप्रिल

जुलियाना म्हणाली, "अक्षरं झाली ना पाठ? डॉक्टर म्हणाले होते, आता शब्द घ्या. क्षमेचे शब्द घे, रेजिनाबाय. दिवस कुठे राहिलेत?"

उद्यापासून.

गुरुवार, ५ एप्रिल

उद्यापासून नक्की. आज तो इतकं सुरेख म्हणाला.

रविवार, ८ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. ईस्टरला एकच आठवडा. चर्चमध्ये माझं जुनं कापड अजून वेदीवर घालतात. त्यावर ख्रिस्ताची दोन ग्रीक अक्षरं आहेत, खी आणि रो. दिसायला इंग्रजी एक्स आणि पी. मागच्या बाकावर एक बाई दुसरीला सांगत होती, "एक्स. पी. म्हणजे झेवियर परेरा. त्यानंच दिलं असणार कापड. नाव टाकल्याशिवाय तो काही देतो का?"

आलोशला सांगितलं. अंग हलेपर्यंत हसला. मग आपणहून म्हणाला, "खी. रो." रांग सोडून, फक्त ती दोन! म्हणजे शब्दांकडे जाणारी वाट उघडी होती. तिथूनच पुढे न्यायला हवं होतं. पण मी म्हटलं, "आता पहिल्यापासून म्हण." आणि डोळे मिटून ऐकत बसले.

सोमवार, १६ एप्रिल

वरिष्ठ फादर आले. सज्जन माणूस. खाटेजवळ स्टूल ओढून बसले, घरची चौकशी केली. मग हळूच म्हणाले, "फादर आलोशियस, क्षमेचे शब्द म्हणता येतील? सावकाश. घाई नाही."

आलोशनं तोंड उघडलं. कपाळावर घाम. "ते... ते..." माझ्याकडे पाहिलं. वर्गात मूल बाईंकडे बघतं तसं. आणि मग मोठ्यानं सुरू केलं – अल्फा, व्हीता, घामा – ओमेघापर्यंत, जणू तेच उत्तर होतं.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. म्हणाले, "सुंदर. पण पाठ म्हणणं वेगळं, फादर, आणि दुखावलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणं वेगळं. तिकडे नर्स आहेत, तुमच्या वयाची सोबत आहे."

शनिवारी, अठ्ठावीसला नेणार.

मंगळवार, १७ एप्रिल

चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही. सव्वीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं – अक्षरांवरून शब्दांवर कधी जायचं ते मला कळत नव्हतं? कळत होतं. महिनाभर त्याच्याकडून अक्षरंच म्हणवून घेतली, कारण मला ती ऐकायची होती. तो गावात राहता यावं म्हणून धडपडत होता आणि मी त्याला माझं गाणं म्हणायला लावत होते.

जुलियानाला सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडेल. ती नारळ खोवत होती. मान वर न करता म्हणाली, "चाळीस वर्षं उपाशी राहिलेल्या माणसानं ताट पुढे आल्यावर हात आवरला नाही, तर मी काय बोलू?"

तिला माहीत होतं. कधीपासून?

शनिवार, २८ एप्रिल

नेलं. गाडीच्या खिडकीतून त्याचा डावा हात. सगळ्यांसमोर मी "फादर, जपा" म्हटलं. तो काहीच बोलला नाही. एक अक्षरही नाही.

मंगळवार, ८ मे

बेळगावकडच्या सिस्टरांना मी लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. म्हाताऱ्या फादरांच्या घराला लागूनच त्यांचं बोर्डिंग आहे. लहान मुलींना शिकवायला बाई हवी आहे, खोली देतात. दुपारी तीन ते पाच मी शेजारी जाऊन त्याला शिकवायला त्यांची हरकत नाही. शब्द. फक्त शब्द.

गुरुवारच्या बसनं जाते आहे. जुलियानानं हे पान बघून सगळं वाटावं –

शिवणयंत्र रिटाला. पट्टा सैल आहे, बदलून घ्यावा.

केळीची वाडी जुलियानानं कसावी.

आईची सोन्याची साखळी चर्चला, नाव न टाकता.

कपाटातल्या पाच साड्या आणि नवी छत्री कृष्णाबाईला; तिनं शाळेत माझा वर्ग झाडला.

कोंबड्या बायजाला. तांबडी अंडी लपवते. सरपणाच्या मागे बघायला सांग.