वेताला दोन माणसं लागतात

४ फेब्रुवारी

भिंत बोलली! "बाबा, पाय वर घ्या, लादी गार आहे." मी असा दचकलो की कपातला चहा मांडीवर. लगेच भिंत म्हणाली, "आणि चहा सांडला बघा."

मुलानं काल छताजवळ कॅमेरा बसवलाय. लिंबाएवढा. गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरलो, कमरेला मुका मार लागला, त्याचं हे औषध. आणि मुलगा कुठे? पलीकडच्या खोलीत! घरी बसूनच नकाशे काढतो. मधे वीतभर भिंत. पण मला बघायला, माझ्याशी बोलायला फोन उघडतो, आणि आवाज येतो भिंतीवरून. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ही वही कॅमेऱ्याकडे पाठ करून लिहितोय. एवढी तरी माझी राहू दे.

६ फेब्रुवारी

सुनेनं समजावलं. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, बोलणं मऊ. "बाबा, तुम्ही कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर गेलात की आमच्या तिघांच्या फोनवर टुणटुण वाजतं. काळजी नको."

"मग तुम्ही बघायला येता?"

"नाही, फोनवर बघतो ना."

मग हळूच म्हणाली — परत पडलात, किंवा विसरायला लागलात, तर हे म्हणतात तिकडे ठेवावं लागेल. तिकडे म्हणजे तलावापलीकडचं म्हाताऱ्यांचं घर. नर्स आहेत, बाग आहे.

बाग तुरुंगालाही असते.

९ फेब्रुवारी

जेवताना नातीला मीठ हवं होतं. आईला तिनं टेबलाच्या पलीकडून मेसेज केला! आईनं वाचला, मीठ सरकवलं. दोघींच्या माना खालीच. नात तेरा वर्षांची. लहानपणी तोंडाला विश्रांती नसायची म्हणून मीच नाव ठेवलं टिटवी. आता टिटवी मुकी.

सून म्हणते, घरात स्क्रीन कमी झाली पाहिजे. तिनं नियमांचा कागद फ्रीजवर चिकटवला. त्याचा फोटो काढून सगळ्यांच्या फोनवर पाठवला.

हसलो. भिंत म्हणाली, "काय झालं बाबा?"

१३ फेब्रुवारी

शोध लागला! दारामागचा कोपरा कॅमेऱ्याला दिसत नाही. टॉवेल काढायला तिथे गेलो तर दोन मिनिटांत टिटवी दारात.

"आजोबा, आहात ना? ...हो, आहेत. सांगते बाबांना." आणि निघाली.

कोपऱ्यात जुनी खुर्ची आहे, बसायची जाळी फाटलेली, वर कपड्यांचा ढीग. कसं सुचलं कोण जाणे, म्हटलं, "थांब गं. ही विणायची आहे. खाली बस, मी वरून पट्टी देतो, तू खालून ओढ. वेताला दोन माणसं लागतात."

खोटं! फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं एकट्यानं विणल्या. एकटं बसून रद्दीतले कागद वाचत वाचत चौथी शिकलेला मी शहाणा झालो. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पलंगाखाली वेताच्या शेवटच्या तीन जुड्या होत्या. एक बादलीत भिजत घातली.

१५ फेब्रुवारी

भिजलेला वेत म्हणजे हात ओले. ओल्या बोटांना फोन दाद देत नाही! टिटवीनं दोनदा पुसून पाहिलं, तिसऱ्यांदा बाजूला ठेवला.

खुर्चीखाली बसलं की माणूस बोलतं. तोंड दिसत नाही म्हणून असेल. वर्गातल्या मैत्रिणीनं तिचा बाक सोडला. का, ते सांगत नाही. तीन आठवडे एकटीच बसते. घरात कुणाला माहीत नाही.

"आईला सांगितलंस?"

"आईला वेळ झाला की सांगीन. ओढू का?"

"ओढ. जपून. उभी आहे ती."

उभी, आडवी, परत उभी, परत आडवी. मग दोन तिरप्या. शेवटी कडेची पट्टी. हे आता तिला पाठ.

२२ फेब्रुवारी

लेक कुठे गेली बघायला मुलगा आला. स्वतःच्या पायांनी! भोकांत खुंट्या दाबून धरायचं काम त्याला दिलं, नाहीतर पट्ट्या सुटतात.

"बाबा, हे मला कधी शिकवलं नाहीत."

"शिकू नयेस म्हणून तर शाळेत घातला."

 त्यानं खुंटी इतकी दाबली की टिटवी ओरडली, "बाबा, भिंतीत खिळा नाही ठोकायचा!"

मग सून आली, हातात चहा. "अख्खं घर इथे आणि मी एकटी?" वीतभर कोपऱ्यात चौघं, गुडघ्याला गुडघा. बाहेरच्या खोलीत तिघांचे फोन टुणटुण करत होते. बाबा दिसत नाहीत, बाबा दिसत नाहीत. कुणी उठलं नाही.

टिटवीनं खालूनच आईला मैत्रिणीचं सांगितलं. सुनेचा चहा गार झाला, पण कप खाली ठेवला नाही तिनं.

१ मार्च

खुर्ची झाली. मुलगा बसला, सून बसली, टिटवी दोनदा बसली. टाळ्या! फोटो काढला. मग तो फोटो बघत बघत तिघं तीन खोल्यांत.

२ मार्च

कुणी आलं नाही.

३ मार्च

कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. भिंत म्हणाली, "बाबा, जरा पुढे या. हां. ठीक."

५ मार्च

दुपारी घर रिकामं. मुलगा कचेरीत बोलावलेला. कात्री घेतली आणि विणलेलं कापलं. म्हटलं, वेत जुना होता, सुटला, असं सांगू. परत भिजवू, परत बसू.

 लिहिताना लाज वाटते.

६ मार्च

हात दाखवून अवलक्षण! कोपऱ्यात उजेड कमी, पट्टी दिसेना, म्हणून मी खुर्ची खिडकीशी ओढली होती. बरोब्बर कॅमेऱ्यासमोर! डोळ्यांनी दगा दिला आणि तंद्रीत मीच स्वतःला पकडून दिलं.

मुलानं फोनवर दाखवलं. एक म्हातारा मांडीवर खुर्ची आडवी घेऊन कात्री चालवतोय. मीच तो. मलाही वेडाच वाटला.

"बाबा, हे तुम्हाला आठवतंय का?"

किती हळू विचारलं त्यानं! ओरडला असता तर बरं होतं. सोमवारी डॉक्टर. टेबलावर तलावापलीकडच्या घराचा अर्ज. माझं नाव त्याच्या अक्षरात.

मी म्हटलं, "नाही आठवत."

७ मार्च

इकडे आड तिकडे विहीर. मुद्दाम कापलं म्हणावं, तर टिटवीला कळेल की तिचे पंधरा दिवस तिच्या आजोबानं कात्रीखाली घातले. नाही म्हणावं, तर तलावापलीकडे. विसरभोळा झालेला बरा. विसरभोळ्यावर पोर रागावत तरी नाही.

सकाळपासून भिंत नऊ वेळा बोलली.

८ मार्च

टिटवीनं खुर्ची उलटी करून पाहिली. मग बापाला हाक मारली. हाक! मेसेज नाही.

"बाबा, हे विसरलेल्या माणसानं कापलेलं नाही. बघा ना! कडेची पट्टी काढली आणि फक्त तिरप्या कापल्या. उभ्या-आडव्या एकही नाही. परत विणायला सोपं जावं म्हणून. आजोबांना सगळं कळत होतं." मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला सगळं कळत होतं!"

मी म्हटलं, हो.

"का?"

आता लपवून काय करणार? "खुर्ची झाली, तुम्ही यायचं थांबलात."

दार आपटून गेली. सून तिच्या मागे. मुलगा खुंट्यांचा डबा हातात धरून बसून राहिला, मग तोही गेला. डॉक्टर रद्द झाला. अर्ज मात्र टेबलावरच आहे.

१० मार्च

टिटवी बोलत नाही. मीही हाक मारत नाही. कुठल्या तोंडानं मारू?

खुर्ची विणायला घेतली. एकटा, खिडकीशी, कॅमेऱ्यासमोर. आता लपवायला राहिलंय काय?

१२ मार्च

दुसरी तिरपी अर्धी झाली. दारात सावली. टिटवी, फोन हातात. मी एकटा विणतोय हे तिनं त्यातच पाहिलं असणार.

"दोन माणसं लागतात म्हणे!"

चार दिवसांतले पहिले शब्द. आणि गेली. माझं हेही खोटं उघडं पडलं. तरी बरं वाटलं. शिव्या म्हणजे बोलणंच की.

१४ मार्च

कडेची पट्टी बसवली. खुर्ची परत झाली. बसायला कुणी आलं नाही. मीच बसलो.

सून आत येऊन गेली. "बाबा, तो अर्ज... ह्यांचं अजून ठरत नाहीये." मी विचारलं नव्हतं.

१५ मार्च

दुपारी डोळा लागला. उठलो तर बादलीत वेत भिजतोय. मी घातलेला नाही. खुर्ची कोपऱ्यात, भोकं मोकळी, विणलेलं सगळं कापलेलं. उभं, आडवं, अगदी पहिल्या पट्टीपर्यंत, वेडंवाकडं. टिटवी असं कधीच कापणार नाही. तिला वीण कळते. ज्याला मी शाळेत घातला आणि ती कधी शिकवलीच नाही, त्याचं काम आहे हे.